टास्क मॅनेजर: आहे, पण सापडत नाही

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या घरातला संगणक असा काही मंदावला की सोसायटीच्या हिशेबाची एक फाइल उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होत असे. संगणक २०१६ साली घेतलेला, त्यात विंडोज १०, चार जीबी रॅम आणि एक टीबीची जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. त्यामुळे त्याच्याकडून माझ्या फार अपेक्षा नव्हत्या. पण बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि खोलीत कूलर पूर्ण वेगाने फिरत असतानाही डब्याच्या आतून येणारा खरखर आवाज वेगळा ऐकू यावा, हे काही ठीक दिसत नव्हते. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची पडली हे पाहिल्याशिवाय पुढच्या पानावर जायचे नाही, ही सवय तेथे लागली ती सुटलेली नाही. संगणकाची शक्ती कोणता प्रोग्राम खातो आहे हे दाखवण्यासाठी विंडोजमध्ये टास्क मॅनेजरची सोय असते, म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा मी एकत्र दाबल्या. काहीही झाले नाही.

मग विंडोजची कळ आणि आर दाबून उघडणाऱ्या चौकटीत टास्क मॅनेजरच्या फाइलचे नाव, 'टास्कएमजीआर', टाइप केले. तेव्हा मात्र उत्तर आले: ही फाइल विंडोजला सापडत नाही, नाव बरोबर टाइप केले आहे का ते पाहून पुन्हा प्रयत्न करा. नाव बरोबर होते. हे साधन विंडोजमध्ये आजकालचे नाही. डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरने ते मूळचे लिहिले आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून ते सोबत येत आहे. अठ्ठावीस वर्षे घरात असलेले भांडे एके दिवशी फळीवर नसावे, तसे मला वाटले.

सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात सिस्टम३२ नावाचे फोल्डर असते, त्यात मी ती फाइल शोधली. ती होती. नाव तेच, चित्र तेच, आणि गुणधर्म पाहिले तर आवृत्तीचा क्रमांकही व्यवस्थित लिहिलेला. तिच्यावर दोनदा क्लिक केले, तर तोच संदेश, आणि त्यात ज्या फाइलवर मी त्या क्षणी बाणाचे टोक ठेवून होतो तिचाच पूर्ण पत्ता देऊन ती सापडत नाही असे लिहिलेले. कार्यालयात समोर बसलेल्या अर्जदाराला त्याची फाइल नाही म्हणून सांगणारे बाबू मी पाहिलेले आहेत, पण संगणकाने असे करावे याचे मला नवल वाटले. त्याच वेळी या विसंगतीचा नीट विचार केला असता, तर पुढचे तीन दिवस वाचले असते. मी तो केला नाही. फाइल आहे पण चालत नाही, त्या अर्थी ती आतून बिघडली असावी, असा सरळ निष्कर्ष मी काढला. या उन्हाळ्यात लाइन दिवसातून दोन-तीनदा जात होती आणि इन्व्हर्टर सुरू होताना संगणक एखाद्या वेळी झटका खाऊन पुन्हा सुरू होत असे, त्यामुळे बिघाडाचे कारणही हाताशी तयार होते.

दुसऱ्या दिवशी ऊन तापण्याआधी संगणकाचा डबा स्कूटरवर पुढे ठेवून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. दुकानातल्या मुलाने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "काकाजी, याले फॉरमॅटच मारा लागन. संध्याकाळी घेऊन जा." फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणे. त्याची चूक काढावी असे मला वाटत नाही; एका दिवसात दहा संगणक हातावेगळे करणाऱ्याला तोच उपाय परवडतो. पण माझ्या संगणकात कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली वीस वर्षांची कागदपत्रे आहेत, हिशेबाचे एक जुने सॉफ्टवेअर आहे ज्याची सीडी आता कोणाकडे नाही, आणि एक साधन चालत नाही म्हणून सगळे घर पाडून पुन्हा बांधायचे, हे हिशेबात बसत नव्हते. मी डबा परत आणला. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, ते मशीन नंतर पाहा, आधी कूलरमध्ये पाणी टाका." ते टाकले.

मग मोबाइलवर शोधाशोध केली, आणि येथे मी एक मोठी चूक करता करता राहिलो. हरवलेली फाइल थेट उतरवून घ्या, सिस्टम३२ मध्ये टाका आणि काम झाले समजा, असे सांगणारी, मोठ्या हिरव्या बटणाची पाने पहिल्याच झटक्यात समोर येतात. मला अडवले ते एका क्षुल्लक गोष्टीने: त्या पानावर त्याच नावाच्या सात-आठ वेगवेगळ्या फाइल्स होत्या आणि त्यांतली माझी कोणती हे मला सांगता येईना. विंडोजच्या प्रत्येक सुधारणेबरोबर अशा फाइल्सची आवृत्ती बदलू शकते, आणि तिऱ्हाइताने दिलेल्या फाइलमध्ये आणखी काय भरले आहे हे उघडून पाहण्याची सोय आपल्यापाशी नसते. शिवाय सिस्टम३२ मधल्या फाइल्सची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलर नावाच्या अंतर्गत खात्याकडे असते आणि संगणकाच्या मालकालाही त्या सहजासहजी बदलता येत नाहीत. ही अडवणूक मला आधी जाचक वाटली होती. नंतर पटली.

विंडोजमध्ये दुरुस्तीची दोन साधने मुळातच दिलेली आहेत. पहिले एसएफसी, म्हणजे सिस्टम फाइल चेकर, आणि दुसरे डीआयएसएम, ज्याला जाणकार 'डिझम' म्हणतात. पण त्यांना हात लावण्याआधी मी दोन गोष्टी केल्या, आणि त्या केल्या याचे समाधान मला अजून आहे. एक म्हणजे कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. दुसरी म्हणजे चेकडिस्क या विंडोजमधल्याच साधनाने मूळ डिस्क तपासली. माठालाच तडा असेल तर पाणी भरत बसण्यात अर्थ नाही. खराब जागा शोधण्याचा पर्याय दिला की ही तपासणी विंडोज सुरू होण्याआधी चालते आणि एक टीबीच्या जुन्या डिस्कला रात्रभर लागू शकते. रात्री अकराला लावून मी गच्चीवर झोपायला गेलो. सकाळी संगणक नेहमीसारखा सुरू होता. तपासणीचा अहवाल इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनामध्ये, अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींत, 'विनइनिट' या नावाखाली जाऊन बसतो. तो काढून वाचला तर खराब सेक्टर्समध्ये १६ केबी जागा दाखवली होती. एक टीबीच्या मानाने १६ केबी म्हणजे काहीच नाही, असे मानून मी पुढे गेलो.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, एसएफसी लिहून एक जागा सोडायची, तिरकी रेघ देऊन 'स्कॅननाऊ' असे लिहायचे आणि एंटर दाबायचे. काळ्या पडद्यावर टक्केवारी सरकू लागते. पंचवीस मिनिटांनी निकाल आला: बिघडलेल्या फाइल्स सापडल्या, परंतु त्यांतल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. बिघाड सापडला याचा मला चक्क आनंद झाला.

दुरुस्ती का झाली नाही याचे कारण मला नंतर वाचून कळले, आणि या सगळ्या प्रकारातला तो भाग मला सर्वांत रंजक वाटला. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस नावाचे एक कोठार असते. एसएफसी एखादी फाइल बिघडलेली पाहते तेव्हा तिची चांगली प्रत या कोठारातून आणून बसवते. आता कोणीही असे समजेल की कोठारात एक प्रत आणि सिस्टम३२ मध्ये दुसरी प्रत अशा दोन वेगळ्या प्रती असतात. बहुतेक फाइल्सच्या बाबतीत तसे नसते. डिस्कवर मजकूर एकच असतो आणि त्याला दोन ठिकाणची दोन नावे जोडलेली असतात. याला हार्ड लिंक म्हणतात. एकाच सातबाऱ्याची नोंद दोन रजिस्टरांत असावी, पण जमीन मात्र एकच, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे डिस्कवरची ती जागाच खराब झाली तर सिस्टम३२ मधली फाइलही जाते आणि कोठारातली 'चांगली प्रत'ही त्याच क्षणी जाते. एसएफसी कोठारात जाऊन पाहते, तेथेही तीच सडकी फाइल मिळते आणि ती हात टेकते. म्हणून अशा वेळी आधी डिझमने कोठार दुरुस्त करायचे आणि मग एसएफसी पुन्हा चालवायची. उलट क्रमाने केले तर मला मिळाले तेच उत्तर मिळते.

डिझमला 'ऑनलाइन', 'क्लीनअप-इमेज' आणि 'रिस्टोअरहेल्थ' हे तीन शब्द तिरक्या रेघांसह द्यावे लागतात. ते चांगल्या फाइल्स विंडोज अपडेटकडून मागवते. माझ्याकडे ते ६२.३ टक्क्यांवर जाऊन थांबले. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली, आकडा हलेना. अशा वेळी खिडकी बंद करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ते बहुधा अडकलेले नसते, काम करत असते. त्या वीस मिनिटांत माझे लक्ष पडद्याकडे कमी आणि पंख्याकडे जास्त होते, कारण पंखा मंदावला की लाइन जाणार हे ठरलेले. शेजाऱ्यांकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेला छोटा यूपीएस टेबलाखाली होता, पण त्याची बॅटरी किती दम धरील हे त्यांनाही माहीत नव्हते. लाइन गेली नाही. आकडा हलला, शंभरापर्यंत गेला आणि मग ०एक्स८००एफ०८१एफ असा क्रमांक देऊन डिझमने कळवले की मूळ फाइल्स मिळाल्या नाहीत. तो क्रमांक मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडर आल्याच्या नोंदीखाली लिहून ठेवला. तो अजून तेथे आहे.

याचा अर्थ फाइल्सचा स्रोत आपणच द्यायचा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज १०ची आयएसओ फाइल मोफत बनवता येते. ती चार जीबीहून मोठी असते, म्हणून मुलाच्या वायफायवर रात्री उतरवली. आयएसओवर दोनदा क्लिक केले की ती सीडी घातल्यासारखी वेगळ्या ड्राइव्हच्या रूपात उघडते आणि तिच्यातल्या 'सोर्सेस' फोल्डरात 'इन्स्टॉल डॉट ईएसडी' नावाची मोठी फाइल असते. या एका फाइलमध्ये विंडोजच्या होम, प्रो, एज्युकेशन अशा अनेक आवृत्त्या क्रमांकाने भरलेल्या असतात. आपली कोणती हे डिझमकडूनच आधी यादी मागवून पाहावे लागते. माझी होम सिंगल लँग्वेज तिसऱ्या क्रमांकावर निघाली. मग डिझमला पुन्हा तीच आज्ञा, पण या वेळी ईएसडी फाइलचा पत्ता, शेवटी विसर्गचिन्ह देऊन तीन हा आकडा, आणि इकडेतिकडे न शोधता येथूनच घे हे सांगणारा 'लिमिटअ‍ॅक्सेस' हा शब्द. पहिल्या खेपेस मी ड्राइव्हचे अक्षर चुकवले. दुसऱ्या खेपेस काम झाले. येथे नशिबाचाही थोडा भाग होता: बिघडलेली फाइल मधल्या एखाद्या सुधारणेत बदललेली असेल, तर आयएसओमधली जुनी प्रत तिच्या जागी चालत नाही. माझ्या फाइल्स मूळच्याच होत्या.

त्यानंतर एसएफसी पुन्हा चालवली. बिघडलेल्या फाइल्स सापडल्या आणि यशस्वीपणे दुरुस्त झाल्या, असा निकाल आला. संगणक बंद करून सुरू केला, हात धुऊन आलो, तीन कळा दाबल्या.

काहीही झाले नाही. नाव टाइप केले, तर तोच संदेश, अक्षराचाही फरक नाही.

आता मी थोडा गांगरलो. सीबीएस नावाच्या नोंदवहीत एसएफसीने काय केले याचा तपशील असतो. 'एसआर' अशी खूण असलेल्या ओळी वेगळ्या काढून वाचल्या. दुरुस्त झालेल्या दोन्ही फाइल्स छपाईशी संबंधित होत्या. आमच्या घरी प्रिंटर नाही. म्हणजे जे खरोखर बिघडले होते ते आम्हाला जन्मात कळले नसते, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या टास्क मॅनेजरचे यादीत नावही नव्हते. खात्री करण्यासाठी एसएफसीला 'स्कॅनफाइल' सांगून केवळ तीच एक फाइल तपासायला लावली. ती निर्दोष होती. सौ.च्या खात्यातून उघडून पाहिली, तेथेही तोच संदेश. म्हणजे दोष माझ्या खात्यापुरता नव्हता. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुत्या गोष्टींनिशी सुरू करून, पाहिली, तेथेही तोच. टास्क मॅनेजर मुद्दाम बंद करून ठेवण्याचीही एक सोय विंडोजमध्ये आहे, पण त्या वेळी 'तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे बंद केले आहे' असे स्पष्ट लिहून येते. तेही येथे नव्हते. फाइल जागेवर आहे, धडधाकट आहे, कोणी बंदी घातलेली नाही, आणि तरी विंडोज म्हणते सापडत नाही.

रविवारी माझ्या भाच्याला फोन केला. तो येथेच अभियांत्रिकीला आहे आणि दिवाळीच्या सुटीत चार दिवस आमच्याकडे होता. सगळे ऐकून घेतल्यावर तो काही क्षण गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामाजी, डाउनलोड्समध्ये मी एक फोल्डर ठेवलं होतं, ते तुम्ही डिलीट तर नाही ना केलं?"

केले होते. मार्च संपल्यावर सोसायटीचे हिशेब बंद केले, तेव्हा डिस्कवर जागा करायची म्हणून डाउनलोड्समधली अनोळखी इंग्रजी नावांची चार-पाच फोल्डर्स मी स्वतःच्या हाताने पुसली होती.

झाले होते ते असे. दिवाळीत भाच्याने टास्क मॅनेजरहून अधिक तपशील दाखवणारे एक साधन त्या फोल्डरात उतरवले होते आणि त्यातला 'टास्क मॅनेजरच्या जागी हेच वापर' हा पर्याय निवडला होता. असा पर्याय निवडल्यावर मूळ फाइलला कोणी हात लावत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या साऱ्या मांडणीच्या नोंदी जेथे ठेवते त्या वहीत, 'इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स' या लांबलचक नावाच्या फांदीखाली टास्क मॅनेजरच्या फाइलच्या नावाने एक उपफांदी तयार होते आणि तिच्यात 'डीबगर' नावाची एक नोंद पडते. ही सोय मुळात प्रोग्रामरांसाठी आहे: एखादा प्रोग्राम सुरू होताच त्याच्यातले दोष शोधणारा दुसरा प्रोग्राम आधी सुरू व्हावा म्हणून. टास्क मॅनेजर मागितला की विंडोज ती नोंद पाहते, त्याच्याऐवजी नोंदीत लिहिलेला प्रोग्राम सुरू करू जाते, आणि तो प्रोग्राम मी एप्रिलमध्ये पुसलेला. 'सापडत नाही' हे विंडोजचे म्हणणे शब्दशः खरे होते. फक्त काय सापडत नाही ते सांगताना ती बदली माणसाचे नाव न घेता मूळ माणसाचे नाव घेत होती. नोंद पूर्ण संगणकासाठी होती, म्हणून सौ.च्या खात्यातही तोच अडथळा आला, आणि सेफ मोडही तीच रजिस्ट्री वाचतो. एसएफसी फाइल्सचा मजकूर तपासते. अशा नोंदी तपासणे तिचे काम नाही.

भाचा फोनवर राहिला आणि मी रजिस्ट्री एडिटर उघडला. स्थानिक यंत्राची मोठी फांदी, तिच्यात सॉफ्टवेअर, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज एनटी, मग करंट व्हर्जन, आणि खाली ती लांब नावाची फांदी. तिच्याखाली वेगवेगळ्या प्रोग्रामांच्या नावांच्या कितीतरी उपफांद्या होत्या. त्या विंडोजच्या स्वतःच्याही असतात, म्हणून सगळीच फांदी उडवायची नाही असे त्याने दोनदा बजावले. 'टी' पर्यंत खाली आलो. उजवीकडच्या कप्प्यात 'डीबगर' आणि त्याच्यासमोर डाउनलोड्समधल्या त्या पुसलेल्या फोल्डराचा पत्ता, शेवटपर्यंत जसाच्या तसा. हीच युक्ती काही व्हायरसही वापरतात, म्हणून पत्ता आपल्या ओळखीचा आहे ना हे पाहूनच पुढे जायचे. अनोळखी असता तर आधी व्हायरसची पूर्ण तपासणी करावी लागली असती. ती उपफांदी 'एक्स्पोर्ट' करून तिची प्रत डेस्कटॉपवर ठेवली, आणि मग फक्त 'डीबगर'ची एक ओळ पुसली.

संगणक पुन्हा सुरू करावा लागला नाही. तीन कळा दाबताच टास्क मॅनेजर उघडला.

भाचा पलीकडून "सॉरी मामाजी" म्हणत होता आणि मी त्याला, फोल्डर तर मीच पुसले, असे सांगत होतो. पण माझे लक्ष पडद्यावर गेले होते. ज्यासाठी मुळात हे साधन उघडायचे होते, ते उत्तर आता समोर होते. प्रोसेसर नऊ टक्के. मेमरी एकसष्ट टक्के. तिसरा रकाना डिस्कचा, गडद नारिंगी रंगाचा: शंभर टक्के, आणि यादीतला एकही प्रोग्राम तिच्याकडून फारसे काही लिहवून किंवा वाचवून घेत नव्हता. चेकडिस्कच्या अहवालातले ते १६ केबी मला तेव्हा आठवले. सोमवारी सकाळी नऊला पुन्हा बर्डीवर गेलो आणि त्याच दुकानातून ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घेतली.